माउंट डाना : ज्याच्या वाटेला फारसे कोणी जात नाही

कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचे नाव काढले की डोळ्यांसमोर येते ती खोल दरी, तिच्या दोन्ही अंगांचे ग्रॅनाइटचे उभे कडे आणि सुरीने अर्धा कापल्यासारखा दिसणारा हाफ डोम. त्या हाफ डोमच्या माथ्यावर नेणाऱ्या लोखंडी तारांना हात लावण्याचा परवाना दिवसाला जास्तीत जास्त ३०० माणसांना मिळतो, आणि तोही सोडतीत नाव निघाले तर. याच उद्यानाच्या पूर्वेकडील दारात, टायोगा खिंडीच्या अगदी खांद्याला लागून, १३,०६१ फूट उंचीचा माउंट डाना उभा आहे. उद्यानातील शिखरांत उंचीने तो दुसरा; पहिला मान १३,११४ फुटांच्या माउंट लायलचा. डांबरी रस्त्यापासून डानाचा माथा जेमतेम तीन मैलांवर आहे, दिवसभराच्या चढाईसाठी परवाना लागत नाही, सोडतीची भानगड नाही, आणि तरीही ऑगस्ट २०२३ मधील एका मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्हाला या डोंगरावर मोजून सोळा माणसे भेटली.

डोंगराचे परीक्षण लिहिणे हा थोडा आगाऊपणाच आहे, याची मला जाणीव आहे. परंतु ज्याने एक अख्खा दिवस, प्रवासाचा खर्च आणि स्वतःचे गुडघे त्यात घातले, त्याला पदरात काय पडले हे सांगण्याचा अधिकार असायला हरकत नसावी. माझे मत थोडक्यात असे की, डानाचे शिखर पाहण्यासाठी म्हणून कोणी डानावर जाऊ नये. शिखर म्हणजे फुटक्या दगडांची एक प्रचंड रास आहे, तिला आकार नाही, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती तपकिरी, सुस्त आणि काहीशी कंटाळवाणी वाटते. मात्र तिथपर्यंत जाताना वाटेत जे लागते आणि वर पोहोचल्यावर जे दिसते, ते इतक्या कमी अंतरात दुसरीकडे मिळणे अवघड आहे.

आधी पोहोचण्याविषयी. टायोगा खिंड ९,९४३ फुटांवर आहे आणि मोटारीने ओलांडता येणारी ती कॅलिफोर्नियातील सर्वांत उंच खिंड आहे. हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता बंद असतो. सामान्यतः मेअखेर ते जून या काळात तो उघडतो आणि नोव्हेंबरच्या आसपास पुन्हा बंद होतो. २०२३ चा हिवाळा मात्र इतका जबर होता की रस्ता २२ जुलैपर्यंत उघडलाच नाही. त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा दिनदर्शिकेत ऑगस्ट होता आणि डोंगरावर जून. त्या वर्षी उद्यानाचे प्रवेशशुल्क एका मोटारीला सात दिवसांसाठी ३५ डॉलर होते. तपासणी नाक्याच्या आत, उद्यानाच्या बाजूला, गाड्या लावण्याची लहानशी जागा आणि शौचालय आहे; ही जागा सकाळी आठनंतर भरते, कारण नाक्याच्या पलीकडच्या बाजूला गेलर सरोवरांकडे जाणारी वाटही येथूनच सुटते आणि बरीचशी मंडळी तिकडची असतात. कुत्र्यांना या वाटेवर परवानगी नाही, आणि ड्रोन तर सबंध उद्यानातच चालत नाही.

मुक्कामाचा विचार मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण या चढाईचे यशापयश बहुतांशी तिथेच ठरते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या एखाद्या शहरातून पहाटे निघून थेट खिंडीत उतरायचे आणि त्याच दिवशी तेरा हजार फुटांवर जायचे, हा बेत कागदावर शक्य दिसतो आणि शरीराला मुळीच मानवत नाही. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६१ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही तेवढाच. माझा मावसभाऊ आणि मी खिंडीच्या पूर्वेला उतरून ली व्हायनिंग या गावात दोन रात्री काढल्या. हे गाव ६,७८० फुटांवर आहे. मधल्या दिवशी आम्ही खिंडीच्या आसपास दुपारभर रेंगाळून परत खाली झोपायला आलो. तेवढी तयारी मला पुरली. मावसभावाला पुरली नाही. त्याचे पुढे येईलच.

सकाळी सव्वासहाला आम्ही चालू लागलो. वाटेवर दिशा दाखवणारी पाटी शोधण्यात वेळ घालवू नये. नाक्याच्या दक्षिणेला कुरणात शिरणारी ठळक पायवाट हीच डानाची वाट, आणि पहिला मैलभर तरी ती चुकण्याजोगी नाही. हे डाना मेडोज नावाचे कुरण. येथे एकामागोमाग एक लहान तळी लागतात. हिमनदी मागे हटताना तिचे मोठे तुकडे गाळात रुतून राहिले, ते सावकाश वितळले, आणि त्यांच्या जागी उरलेल्या खळग्यांत पाणी साचून ही तळी झाली. पहाटेच्या वेळी वारा नव्हता, पाणी आरशासारखे होते, आणि ज्या डोंगराला रस्त्यावरून आम्ही कंटाळवाणा म्हटले होते तो पाण्यात उलटा पडून चक्क लालसर दिसत होता. हे सौंदर्य उभ्याने पाहावे लागते, कारण बसले की डास तुटून पडतात. इतका बर्फ पडलेल्या वर्षी ऑगस्टमध्येही डासांची चैन असते, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते. डास पळवणारे मलम गाडीतच राहिले होते, आणि पहिली पंचवीस मिनिटे आम्ही चालण्याऐवजी जवळजवळ पळालो.

कुरण संपले की लॉजपोल पाइनचे रान सुरू होते आणि चढही. वाट आधी सौम्य, मग बरीच खडी होते. थोडे वर गेल्यावर झाडे बदलतात. सरळसोट लॉजपोल मागे पडतात आणि अनेक खोडांची, बसक्या बांध्याची व्हाइटबार्क पाइनची झाडे दिसू लागतात. या झाडाचे शंकू आपणहून नीट उघडत नाहीत. क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा राखाडी, काळ्या पंखांचा पक्षी ते फोडतो, बिया जमिनीत ठिकठिकाणी पुरून ठेवतो, आणि त्यातल्या ज्या त्याच्या खाण्यातून राहून जातात त्यांतून नवी झाडे उगवतात. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये या झाडाचा समावेश धोक्यातील प्रजातींच्या यादीत केला. पक्षी आम्हाला दिसला नाही, पण त्याचा घोगरा, कर्कश आवाज मात्र वरपर्यंत सोबत करत राहिला. उंची वाढते तशी ही झाडे गुडघ्याएवढी होतात, वाऱ्याच्या एकाच बाजूला वाढतात, आणि शेवटी जमिनीला चिकटलेल्या झुडपासारखी पसरतात. बघताबघता वृक्षरेषा ओलांडली जाते. तिची नेमकी जागा दाखवता येत नाही, फक्त कधीतरी सावली संपल्याचे लक्षात येते.

झाडे विरळ होऊ लागतात त्या पट्ट्यात, साधारण दहा हजार ते अकरा हजार फुटांच्या दरम्यान, या वाटेचा सर्वांत देखणा भाग आहे. वरच्या बर्फाच्या चादरी वितळून आलेले बारीक ओहोळ उतारावरून आडवेतिडवे धावत होते आणि प्रत्येक ओहोळाच्या काठाने फुलांची दाट किनार होती. जांभळ्या ल्युपिनचे तुरे, शेंदरी रंगात बुडवलेल्या कुंचल्यासारखे दिसणारे पेंटब्रश आणि पिवळ्या फुलांचे कितीतरी प्रकार, ज्यांना मी नावाने ओळखत नाही आणि ज्यांच्यावाचून माझे काही अडले नाही. खारीच्या कुळातले बेल्डिंग्ज ग्राउंड स्क्विरल मागच्या पायांवर ताठ उभे राहून आमच्याकडे पाहत होते. ते असे उभे राहिले की जमिनीत ठोकलेल्या खुंटीसारखे दिसतात. मागे वळून पाहिले तर डाना मेडोजची तळी आता नाण्यांएवढी झाली होती आणि त्यांच्या पलीकडे कॅथीड्रल रांगेचे टोकदार सुळके उजळले होते. येथे आम्ही अर्धा तास बसलो. वेळापत्रकात ही अर्ध्या तासाची उधळपट्टी नव्हती, पण तिचा मला पश्चात्ताप नाही.

त्यानंतर वाट एका रुंद, जवळजवळ सपाट सोंडेवर येते. उंची सुमारे ११,६०० फूट. येथे कोणीतरी, खरे म्हणजे अनेकांनी मिळून, दगडांचा एक मोठा मनोरा रचलेला आहे, आणि उतरताना तो लांबून दिसावा म्हणून चढतानाच त्याची जागा डोक्यात पक्की करून ठेवावी. आजूबाजूला गवताचे बुटके तुकडे, मधे तांबूस चपटे दगड, दगडांच्या आडोशाला गादीसारखी घट्ट वाढलेली वनस्पती आणि वर भलेमोठे आकाश. उत्तरेला टायोगा सरोवर, दक्षिणेला माउंट गिब्जची १२,७७३ फुटांची लाल पाठ. वारा होता, पण बोचरा नव्हता. या पठारावर मावसभावाने पाठपिशवी टाकली आणि डोके दुखत असल्याचे सांगितले. डोके दुखू लागल्यावर आणखी वर जायचे नाही, हा उंचीवरचा साधा नियम आहे आणि त्याला अपवाद काढण्याच्या भानगडीत पडू नये. पाणी पिऊन, थोडे खाऊन आणि अर्धा तास पडून राहिल्यावर त्याला बरे वाटले, तरी वर जाण्यास त्याने ठाम नकार दिला. “तू जाऊन ये. मी या मनोऱ्यापाशी बसतो, दुर्बीण आहे माझ्याकडे. दुखणे वाढले तर सरळ गाडीकडे उतरेन,” असे तो म्हणाला. नियमाने मी त्याच्याजवळ थांबायला हवे होते. मी थांबलो नाही, आणि या परीक्षणात माझ्या पदरी जे उणे गुण पडतात त्यांतला हा पहिला.

पठाराच्या वर जे आहे त्याला वाट म्हणणे धाडसाचे होईल. उरलेली सुमारे १,५०० फुटांची चढाई ही दगडांच्या उतारावरची आहे. काही दगड ताटाएवढे, काही पेटाऱ्याएवढे, आणि त्यांच्या मधे घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी बारीक खडी. उद्यानाने येथे पायवाट बांधलेली नाही आणि तिची देखभालही होत नाही. लोकांच्या पावलांनी पडलेल्या तीन-चार पुसट रेघा आहेत, त्या एकमेकींना छेदतात, मधेच नाहीशा होतात, पुन्हा उगवतात, आणि दर पन्नास पावलांवर दगडांचे लहान मनोरे वेगवेगळ्या दिशांना बोलावतात. चढताना याचा फारसा त्रास होत नाही, कारण वर जाणारी प्रत्येक रेघ शेवटी माथ्यालाच मिळते. माझ्या अनुभवाने बारीक घसाऱ्यापेक्षा मोठे, पक्के बसलेले दगड पत्करावेत. एक पाऊल वर आणि पाऊण पाऊल खाली असा हिशेब दीड हजार फूट चालवणे कोणालाही परवडत नाही. हात मोकळे असावेत. काठ्या पठारापर्यंत उपयोगी पडतात, त्यानंतर त्या दगडांच्या फटींत अडकतात.

श्वासाचे म्हणाल तर बारा हजार फुटांच्या वर मी वीस पावले चालून थांबत होतो, पुढे पंधरा, आणि शेवटच्या टप्प्यात दहा. थांबण्याचा एक लाभ असा झाला की पायाखालचे दगड नीट पाहता आले. योसेमिटी म्हटले की करडा-पांढरा ग्रॅनाइट, ही समजूत डाना मोडून काढतो. येथील खडक तांबूस, तपकिरी, कुठे हिरवट, कुठे काळसर आहेत. आज आपण ज्या पर्वतरांगेला सिएरा नेवाडा म्हणतो तिचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर शिलारसाच्या रूपाने घुसला आणि थंड झाला. या भागातील त्याचा मोठा हिस्सा सुमारे साडेआठ ते साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या शिलारसावर आधीपासून जे जुने ज्वालामुखीजन्य आणि गाळाचे खडक होते ते उष्णतेने आणि दाबाने रूपांतरित झाले. पुढे वरचे आवरण झिजून गेले, ग्रॅनाइट उघडा पडला, आणि जुन्या छताचे काही तुकडे तेवढे टिकून राहिले. डाना आणि गिब्ज ही त्या छताची शिल्लक आहे. तळ्यात सकाळी दिसलेल्या लाल रंगाचा उलगडा मला असा बारा हजार फुटांवर, धापा टाकताना झाला. हे आधी वाचून गेलो होतो. पण हातात घेतलेल्या दगडाने जेवढे पटले तेवढे वाचनाने पटले नव्हते.

या दगडांत काही जगत असेल असे वाटत नाही, आणि तरीही पिका नावाच्या प्राण्याची बारीक शिट्टी सतत ऐकू येते. मुठीएवढा, गोल कानांचा, सशाच्या नात्यातला हा प्राणी हिवाळ्यात झोपून राहत नाही. उन्हाळ्यात गवत कापून, वाळवून तो दगडांखाली साठवतो आणि बर्फाखाली त्यावर निर्वाह करतो. एक पिका तोंडात गवताचा भारा घेऊन माझ्यासमोरून इतक्या लगबगीने गेला, की मीच त्याच्या वाटेत अडथळा असल्यासारखे वाटले. आणखी वर, माथ्याच्या खाली, स्काय पायलटची फुले लागली. निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद, खाली बारीक, दाटीवाटीची पाने, आणि पाने चुरडली तर येणारा उग्र दर्प. ही वनस्पती फक्त सिएरा नेवाडात आणि तीही साधारण दहा हजार फुटांच्या वरच आढळते. खालच्या कुरणातल्या हजार फुलांनी जे केले नाही ते दोन दगडांच्या फटीतल्या या एका गेंदाने केले. मी त्याच्या शेजारी पाच मिनिटे बसलो, अर्थात दमही लागला होताच.

माथ्यावर सव्वाअकराला पोहोचलो. थांबे धरून चढायला पाच तास लागले. जागा ऐसपैस आहे. वारा अडवण्यासाठी दगडांची अर्धगोल भिंत कोणी रचून ठेवली आहे, तिच्या आत तीन-चार माणसे दाटीने बसू शकतात. आणि पहिल्याच नजरेला पूर्वेकडे जे दिसते त्याची वरपर्यंतच्या चढाईत कुठेही चाहूल लागत नाही. सिएरा पश्चिमेला सावकाश उतरत जाते, पूर्वेला मात्र ती भ्रंशरेषेवर एकदम तुटते. माथ्यावरून पाहिले तर साडेसहा हजार फुटांहून अधिक खाली मोनो लेकचे विस्तीर्ण निळे पाणी पसरलेले दिसते, त्यात एक काळे आणि एक फिकट रंगाचे अशी दोन बेटे, दक्षिणेला मोनो क्रेटर्स या ज्वालामुखींची राखेरी रांग, आणि त्यापलीकडे वाळवंट, नेवाडापर्यंत. पाठीमागे वळावे तर बर्फ, कुरणे, तळी आणि ग्रॅनाइटचे सुळके. एकाच दगडावर बसून मान फिरवली की हवामान बदलते.

पाण्याच्या दृष्टीने हे शिखर म्हणजे खरोखरीची वाटणी आहे. पश्चिम उतारावर वितळलेला बर्फ टुआलमी नदीच्या डाना फाट्याला मिळतो, पुढे ‘हेच हेची’ नावाच्या जलाशयात साठतो, आणि त्यातला काही सॅन फ्रान्सिस्कोतील नळांतून बाहेर पडतो. पूर्व उतारावरचे पाणी मोनो लेकच्या खोऱ्यात उतरते, आणि त्या सरोवराला समुद्राकडे जाणारी वाटच नाही. तिथे आलेले पाणी बाष्प होऊनच सुटते, म्हणून ते समुद्राहून अधिक खारट आहे. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराने या सरोवराला मिळणारे ओढे आपल्या कालव्यांत वळवले. पुढच्या चार दशकांत सरोवर सुमारे ४५ फूट खाली गेले आणि त्याचा खारटपणा दुप्पट झाला. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९९४ मध्ये राज्याच्या जलनियंत्रण मंडळाने पातळी ६,३९२ फुटांपर्यंत वाढू द्यावी असा आदेश दिला. आम्ही गेलो तेव्हा, इतक्या बर्फाच्या वर्षीही, ती पातळी गाठलेली नव्हती. सरोवराभोवतीचा पांढरा पट्टा तेरा हजार फुटांवरूनही स्पष्ट दिसतो. नळ उघडणाऱ्या दोन शहरांचा हिशेब एका माथ्यावर बसून असा डोळ्यांनी पाहता येईल, ही माझी अपेक्षा नव्हती.

माथ्याच्या उत्तरेकडच्या कड्याशी सांभाळून गेल्यास खाली डाना हिमनदीची घळ दिसते. भूगर्भशास्त्रज्ञ इस्रायल रसेल यांनी १८८३ मध्ये या हिमनदीची छायाचित्रे घेतली होती, आणि त्याच जागेवरून अलीकडे घेतलेल्या छायाचित्रांशी ती ताडून पाहिली की हिमनदीचा फार मोठा भाग नाहीसा झालेला दिसतो. त्या वर्षीच्या ताज्या बर्फाने घळ भरलेली असल्यामुळे माझ्या डोळ्यांना मात्र ती धडधाकट भासली. तसेही शिखरावर येणाऱ्यांची नोंद जुनी आहे. कॅलिफोर्नियाच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे विल्यम ब्रूअर आणि चार्ल्स हॉफमन जून १८६३ मध्ये येथे चढले आणि येल विद्यापीठातील भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स ड्वाइट डाना यांचे नाव या डोंगराला मिळाले. खडकांचा हा इतका रंगीत ढीग भूगर्भशास्त्रज्ञाच्या वाट्याला यावा, हे योग्यच झाले.

पाऊण तासात उठलो. सिएरात जुलै-ऑगस्टच्या दुपारी ढग किती वेगाने जमतात हे पाहिलेल्या माणसाला बारानंतर उघड्या शिखरावर बसवत नाही. येथे विजेपासून आडोसा म्हणून एक झुडूपही नाही. त्या दिवशी दक्षिणेला दोन पांढरे ढग उभे राहू लागले होते, तेवढी सूचना पुरेशी होती.

उतरणे हा या चढाईचा सर्वांत वाईट भाग आहे, आणि तो तसा असल्याचे आधी कोणी नीट सांगत नाही. चढताना सगळ्या रेघा एकत्र येतात; उतरताना त्या फाकत जातात. मी फोनवरच्या एका नकाशा-अ‍ॅपवर नको इतका विसंबलो. त्यात एकच ठळक रेघ दाखवली होती, आणि जमिनीवर तिचा मागमूस नव्हता. ती रेघ पकडण्याच्या नादात मी डावीकडे सरकत गेलो आणि एका घसाऱ्याच्या नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, उतरलो. तिथे प्रत्येक पावलाबरोबर दहाबारा दगड पुढे घरंगळत होते. खाली कोणी असते तर अनर्थ झाला असता. दोनदा बसकण मारावी लागली, तळहात सोलला आणि बुटाचा डावा तळ पुढच्या बाजूने सुटला. तळाचा दोष बुटाचा की माझा, हे सांगता येत नाही, पण त्यानंतर मी दोन दोऱ्या सोबत ठेवतो. खाली पाहिले तेव्हा पठारावर, मनोऱ्याशेजारी, एक लाल ठिपका डावी-उजवीकडे हलत होता. मावसभावाने दुर्बिणीतून मला भलत्याच नाळेत पाहिले होते आणि तो आपले जाकीट हलवून मला उजवीकडे यायला सांगत होता. अ‍ॅप बंद करून मी जाकिटाकडे चालत राहिलो. या सगळ्यात पाऊण तास गेला.

त्यामुळे दोष मोजायचे तर पहिला हाच, की पठाराच्या वर मार्ग नाही, आणि धुक्यात किंवा ढगात ही जागा फसवी ठरेल. दुसरा दोष पाण्याचा. फुलांच्या उतारावरचे ओहोळ सोडले तर वर पाणी नाही. दोघांना मिळून सहा लिटर नेले होते आणि त्यातले वाटीभरही उरले नाही. तिसरा म्हणजे ऊन. उंचीमुळे ते त्वचेला फार लवकर लागते आणि वाऱ्यामुळे लागल्याचे कळत नाही. उद्यानाने पक्की वाट बांधावी असे मात्र मला वाटत नाही. वरचे दगड हलवले तर पिकाची घरे मोडतील, आणि वाट झाली की गर्दी होईल, मग सोडत. पठाराच्या मनोऱ्यापाशी एखादी साधी खूण आणि उतरताना कोणती बाजू धरावी याची एक ओळ, इतके पुरे आहे.

ज्यांनी आधी दहा हजार फुटांच्या वर कधी पाऊल टाकलेले नाही, त्यांनी पठारापर्यंतच जावे आणि तेवढ्यासाठीही या दिवसाला पूर्ण गुण द्यावेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनाही हेच सांगेन. दहा-बारा वर्षांची चालणारी मुले फुलांच्या उतारापर्यंत आनंदाने जातील. पुढचा दगडांचा चढ त्यांना झेपेल, पण सोबतच्या मोठ्यांच्या जिवाला घोर लागेल. ज्यांना शिखर गाठायचेच आहे त्यांनी उजाडताच निघावे, दुपारी बाराच्या आत माथा सोडावा आणि उतरताना पठारावरच्या मनोऱ्यावरून नजर हलू देऊ नये. हंगाम निवडता आला तर बर्फ कमी पडलेल्या वर्षी जुलैचा उत्तरार्ध आणि जास्त पडलेल्या वर्षी ऑगस्टचा मध्य धरावा. त्याआधी उतारावर बर्फ असतो आणि सप्टेंबरमध्ये फुले संपतात, डासही संपतात, हे खरे.

पठारावर परतलो तेव्हा मावसभावाची डोकेदुखी केव्हाच थांबली होती. चार तासांत त्याने काय पाहिले ते तो उतरताना सांगत राहिला. टायोगा सरोवरावरून सरकत गेलेल्या ढगांच्या सावल्या, त्याच्या पाठपिशवीची झडती घेणारी एक ग्राउंड स्क्विरल, आणि गिब्जच्या उतारावर एका ओळीत चाललेले पाच ठिपके, जे रानमेंढ्या होत्या की दगड होते याचा निर्णय त्याला दुर्बिणीतूनही करता आला नव्हता. कुरणात पोहोचेपर्यंत पावणेपाच झाले. डास पुन्हा आले, आणि आम्ही पुन्हा पळालो. गाडीत बसल्यावर त्याने विचारले, “वर गेल्यावर मी दिसत होतो का रे तुला?” खरे सांगायचे तर माथ्यावरच्या पाऊण तासात मी एकदाही खाली, त्याच्या बाजूला पाहिले नव्हते.